ठमीच्या डॉक्टरांना अनावृत पत्र

डोंबिवली (पूर्व)

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

आमच्या ठमी या लहानशा कुत्रीला घरातल्या घरात शी-शूची शिस्त लागावी म्हणून आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवण्याला कारण आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतींमध्ये वरच्या मजल्यांवर राहणारी आणि शित्झू, पॉमेरेनियन किंवा पग पाळणारी कितीतरी कुटुंबे आमच्या भागात आहेत. त्यांना जो तो एकच सल्ला देतो, की कुत्र्याला खालीच न्यायला हवे आणि घरात सोय करणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे. आपण तसे म्हणाला नाहीत. आमची गरज आपण खरी मानलीत, आणि ती शास्त्रशुद्ध रीतीने कशी भागवायची ते अखेरपर्यंत सोबत राहून शिकवलेत.

आपल्याला आमचे घर ठाऊक आहेच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझे पती सकाळच्या लोकलने निघतो ते दिवेलागणीनंतर परततो, आणि दिवसभर ठमीजवळ असतात त्या फक्त सासूबाई, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही एका प्रशिक्षकाला बोलावले होते. घराकडे नजरही न टाकता त्याने सांगितले, की पिल्लाला दिवसातून चार वेळा खाली न्या आणि तरीही घरात केले तर त्याचे नाक त्यात घासा. हे ऐकताच सासूबाईंनी ठमीला उचलून पदराखाली घेतले आणि तिला शिकवायचे असेल तर दुसरा कोणीतरी पाहा, असे मला त्याच्यासमोरच बजावले.

आपल्या दवाखान्यात आलो तेव्हा आपण ठमीबद्दल विचारण्याआधी घराबद्दल विचारलेत. वॉशिंग मशिन कुठे असते, फरशीचा उतार कोणत्या बाजूला आहे, सासूबाई दुपारी कुठे बसतात, घरात पायपुसणी किती आहेत, असे ते प्रश्न होते. त्यांचा रोख मला त्या वेळी कळला नव्हता, पण पुढे आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याच उत्तरांवर उभी होती.

पिल्लाला खाली न्यायलाच हवे, हा मुद्दा तर आपण लसीकरणाचे कार्ड समोर ठेवूनच निकालात काढलात. पिल्लाच्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि त्यांची मालिका १६ आठवड्यांपर्यंत चालते. ती पूर्ण होईपर्यंत त्याला पार्व्होसारख्या रोगापासून भरवशाचे संरक्षण नसते, आणि पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीत गेला की महिनोन्‌महिने तिथे टिकून राहतो. त्यातच पावसाळा सुरू झाला होता. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांइतकाच कुत्र्यांनाही होतो आणि ठमीचे पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, हे आपण दाखवून दिलेत. म्हणजे ज्या वयात सवय लागायची त्याच वयात खालची जमीन तिच्यासाठी धोक्याची होती.

जागा कोणती निवडायची, यावर आपण जितका वेळ दिलात तितका बाकी कशावरही दिला नसेल. आम्ही बाथरूम ठरवून आलो होतो, कारण तिथे जाळी आहे आणि पाणी ओतले की काम झाले, असे आम्हाला वाटत होते. परंतु ओल्या फरशीवर लहान कुत्र्याचे पाय घसरतात, दार बहुतेक वेळा लावलेले असते आणि पिल्लाला निकड लागते तेव्हा कोणाची तरी अंघोळ चालू असते, हे आपण लक्षात आणून दिलेत. त्याऐवजी वॉशिंग मशिन असते ती ड्राय बाल्कनी सुचवलीत, जिथे उतार आहे, वारा आहे आणि सासूबाईंच्या खुर्चीवरून दिसेल असे दार आहे. वर्तमानपत्रालाही आपण नकार दिलात. कुत्रा जागेइतकाच पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतो आणि ही आवड साधारण ८ आठवड्यांच्या सुमारास पक्की होऊ लागते, हे आपण समजावलेत. कागदाची सवय लागलेल्या पिल्लाला कालची रद्दी आणि सासूबाई सकाळी जमिनीवर पसरून वाचतात तो आजचा पेपर यांतला फरक कसा कळणार? नुसते मऊ पॅड ठेवले तर तोच घोटाळा पायपुसण्यांच्या बाबतीत होतो. म्हणून खाली जाळी, तिच्यावर प्लॅस्टिकची हिरवळ आणि जाळीखाली सरकणारा ट्रे अशी रचना ठरली, कारण तसा स्पर्श आमच्या घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. पायपुसणी आम्ही काही काळ माळ्यावर टाकली.

ठमी जिथून आली तिथे ती लहानशा पिंजऱ्यात वाढली होती. आईजवळ मोकळ्या जागेत वाढणारी पिल्ले तीन आठवड्यांची झाली की झोपायची जागा सोडून थोडे दूर जाऊन शू करू लागतात, पण पिंजऱ्यातल्या पिल्लाला दूर जायला जागाच मिळत नाही, असे आपण सांगितलेत. तेव्हापासून ती अंथरुणात शू करते म्हणून घरात कोणी चिडले नाही. तिला काय शिकायचे राहून गेले आहे, हे आम्हाला त्यातून कळले.

वेळापत्रक आपण स्वतःच्या हाताने लिहून दिलेत आणि ते अजून आमच्या फ्रिजवर आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवले की साधारण तितके तास ते फार तर रोखून धरू शकते, आणि लहान जातींचे मूत्राशयही लहान असल्याने त्यांच्याकडून तेवढीही अपेक्षा धरू नये, असे त्यात वर लिहिले आहे. झोपेतून उठल्यावर लगेच, खेळ थांबल्यावर लगेच आणि जेवणानंतर पाच मिनिटे ते अर्धा तास या अवधीत तिला हिरवळीवर न्यायचे, कारण पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात. सासूबाईंना आपण खुणा ओळखायलाही शिकवलेत. ठमी खेळता खेळता मध्येच बाजूला झाली, नाक जमिनीला लावून गोल फिरू लागली, की त्यांनी काठी टेकत दाराशी जायचे आणि तिला हाक मारायची. ती शू करत असतानाच ‘शू कर’ हे शब्द शांतपणे म्हणायचे, आणि झाल्यावर दोन-तीन सेकंदांच्या आत, त्याच जागी, पनीरचा एक कण द्यायचा. पनीरची डबी स्वयंपाकघरात ठेवू नका, वॉशिंग मशिनवर ठेवा, कारण डबी आणायला जाल तेवढ्यात तिला बक्षीस कशाचे ते कळणार नाही, ही आपली सूचना मला फार मोलाची वाटली.

सासूबाईंना वाकता येत नाही, हे आपण एकदाही विसरला नाहीत. ट्रे दोन विटांवर ठेवायचा आणि हिरवळीपर्यंत ठमीला एक बुटकी पायरी करून द्यायची, ट्रेमधले पॅड लांब चिमट्याने काढायचे आणि शी उभ्याने वापरायच्या सुपडीत गोळा करायची, हे सारे आपणच सुचवलेत. कुत्र्याच्या डॉक्टरांनी आपल्या गुडघ्यांचा विचार केला, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

फिनेलबद्दलचा आपला सल्ला तर प्रत्येक कुत्रेवाल्या घरात पोचायला हवा. फिनेलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, पण कुत्र्याच्या नाकाला जुना वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. अमोनिया असलेल्या द्रवाने पुसले तर आणखीच घोटाळा, कारण मुतालाही अमोनियाचाच वास येतो. शिवाय फिनेल पंजांना लागते आणि कुत्रे पंजे चाटते, तेव्हा ते त्याच्या पोटात जाते. आपण सांगितल्याप्रमाणे आम्ही आधी कोरड्या फडक्याने टिपून घेतो, मग मुताचा वास मुळापासून मोडणारा एन्झाइमचा द्रव ओतून तो बराच वेळ तसाच राहू देतो आणि त्यानंतरच फरशी पुसतो.

घरी येणारे नातेवाईक म्हणत, की चूक केली हे तिला कळते, बघा कशी कान पाडून नजर चुकवते. त्यावर आपण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या प्रयोगाची माहिती दिलीत. त्यात मालकांना आपल्या कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे कधी खरे तर कधी खोटे सांगितले गेले. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावतो की नाही यावर होता. रागावण्यातून पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाते, हे आपले म्हणणे आमच्या घरात सर्वांना पटले. पाहुणे आल्यावर ठमीची थोडीशी शू होते, ती वेगळी गोष्ट असून तिचा शिस्तीशी संबंध नाही, हेही आपण तेव्हाच सांगितलेत. पाहुण्यांनी आधी बसावे, तिच्यावर ओणवू नये आणि ती शांत झाल्यावर मगच हात लावावा, एवढ्याने तो प्रकार हळूहळू थांबला.

मात्र माझ्या मनात सर्वांत खोल कृतज्ञता आहे ती एका वेगळ्या प्रसंगाबद्दल. सगळे सुरळीत झाल्यावर काही महिन्यांनी ठमी अचानक जागोजागी थोडी थोडी शू करू लागली. लाडाने बिघडली, आता जरा कडक व्हा, असे सल्ले चहूकडून आले. आपण फोनवर एवढेच विचारलेत, की ती पुन्हा पुन्हा बसते का आणि थेंबभरच होते का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नमुना आणायला सांगितलात. इतक्या बुटक्या कुत्रीचा नमुना कसा धरायचा, तेही आपणच सांगितलेत. वरणाची जुनी पळी उकळत्या पाण्यातून काढली, हिरवळीवर ठमी बसताच ती मागून हळूच तिच्याखाली सरकवली आणि दोन चमचे शू बाटलीत भरली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. आपण दिलेली औषधे पूर्ण झाल्यावर ती आपली आपण हिरवळीवर जाऊ लागली, वेगळे काही शिकवावे लागले नाही. त्या दिवसांत तिला वेदना होत होत्या, आणि आपण नसतात तर तिला वर शिक्षाही झाली असती, हा विचार आला की आजही माझ्या घशाशी आवंढा येतो.

घरातली सोय म्हणजे फिरण्याला सुटी नव्हे, असे आपण बजावले होते, तेही आम्ही पाळतो. लसी पूर्ण झाल्यापासून माझे पती रोज संध्याकाळी तिला खाली नेतात, आणि रस्त्यावर केलेली शी पिशवीत उचलून आणतात. पाऊस कोसळत असला की ती आपल्या बाल्कनीतच खूश असते.

आता एक विनंती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे नुकतेच डॅशहुंडचे पिल्लू आले आहे. तो नर आहे, त्यामुळे मोठा झाल्यावर पाय वर करू लागेल तेव्हा हिरवळीच्या मधोमध एक छोटा खांब लागेल, इतके मी आपल्याकडून ऐकलेले त्यांना सांगितले आहे. बाकीचे त्यांनी आपल्याकडूनच समजून घ्यावे असे मला वाटते, आणि त्यासाठी त्यांना आपल्याकडे पाठवत आहे. ठमीची रेबीजची वार्षिक लस पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी सासूबाई स्वतः जिना उतरून येणार म्हणतात, तेव्हा शक्य असेल तर दवाखान्यात गर्दी नसते अशी सकाळची वेळ आम्हाला द्यावी.

आपली कृतज्ञ,
ठमीच्या घरची सून