दोन्ही पायांची सूज आणि गाठी: आधी पावलाकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की आपल्या पेपरात डेंगी, मलेरियावर भरपूर छापून येतं, ते चांगलंच आहे, पण दोन्ही पाय सुजणं आणि कातडीखाली गाठी लागणं यावर मी तरी काही वाचलेलं नाही. आमच्या वाड्यावरच अशा तिघी-चौघी आहेत आणि कोणी मोकळेपणी बोलत नाही. पाय सुजला म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, हत्तीपाय, म्हणून मग त्या पाय झाकून बसतात.

माझी मावसबहीण त्यातलीच. वयात आल्यापासून तिचं कमरेखालचं अंग जाड, वर खांदे, चेहरा एकदम बारीक. पहिल्या बाळंतपणानंतर पाय आणखी वाढले. मांडीला नुसता हात लावला तरी दुखतं, कशाला जरा आपटलं की काळंनिळं होतं, दाबून बघितलं तर आत वाटाण्याएवढ्या गाठी लागतात. सगळ्यांचा सल्ला एकच, भात सोड आणि चालायला जा. तिने भात सोडला, रोज पहाटे चालली, चेहरा पार उतरला आणि पाय होते तसेच राहिले. कोणी म्हणालं लपूनछपून खात असणार. हे ऐकून ती किती रडलीय ते मी बघितलंय. शेवटी एका डॉक्टरांनी तिला चप्पल काढायला लावून नीट पावलं बघितली आणि सांगितलं की हा लिपेडेमा आहे, म्हणजे कातडीखाली चरबी साचत जाण्याचा आजार, खाण्याचा दोष नाही.

हा काही आत्ता निघालेला आजार नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० मध्येच त्याचं वर्णन केलंय. जवळजवळ सगळ्या पेशंट बायकाच, सुरुवात बहुतेक वेळा वयात येताना, गरोदरपणात नाहीतर पाळी जाताना, आणि पुष्कळदा आई-मावशीचेही पाय तसेच असतात. दोन्ही पाय सारखेच वाढतात पण सूज घोट्याशी येऊन थांबते, पाऊल मात्र बारीकच. लिम्फेडेमात, म्हणजे लसिका साचून जी सूज येते तिच्यात, पाऊल आणि बोटंही सुजतात, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरायला गेलं तर धरता येत नाही. फायलेरियाचा हत्तीपाय हा लिम्फेडेमाच, तो डासामुळे होतो आणि बहुतेक एका पायाला जास्त असतो. त्याचे जंतू रात्री रक्तात येतात म्हणून तपासणीचं रक्तही रात्रीच घेतात. पेशंटला हात लावून तो होत नाही, हे गावात पुन्हापुन्हा सांगायला पाहिजे.

नडगीवर बोट दाबून धरलं आणि काढल्यावर खड्डा राहिला तर मात्र प्रकरण वेगळं, तिथे हृदय, किडनी, लिव्हर तपासायलाच हवं. आणि आपल्याकडे तर जास्तच, कारण २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. डायबेटीसने किडनी गेली की पायावर सूज येते. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन गोळी घेऊनही घोटे सुजतात, पण म्हणून ती मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बदलायची. नडगीवर लाल, गरम, दुखऱ्या गाठी दोन्हीकडे उठल्या तर तो एरिथेमा नोडोसम असू शकतो, त्याच्यामागे घशाचं इन्फेक्शन, एखादं औषध किंवा टीबीसुद्धा निघतो. हाताखाली सरकणारी मऊ, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी चरबीची असते, तरी एकदा दाखवून घ्यावी. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर तेल चोळत बसू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सोबत दम लागला तर सरळ १०८.

मला सगळ्यात राग येतो तो फार्मसीतून आपल्या मनाने लघवीच्या गोळ्या आणून खाण्याचा. लिपेडेमाच्या चरबीवर त्या चालत नाहीत, उलट अंगातले क्षार बिघडतात. हा आजार मुळासकट जात नाही हे खरं, पण मापाचे घट्ट मोजे, पाण्यातला व्यायाम, वजन आणखी वाढू न देणं याने दुखणं बरंच आटोक्यात राहतं, आणि काही जणींना लायपोसक्शनचा, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याचा, उपयोग होतो. मोजे घालायच्या आधी पायाला रक्त नीट पोचतंय का ते बघून घ्यावं लागतं, डायबेटीसवाल्यांनी तर नक्कीच. आपल्याकडच्या दमट हवेत दिवसभर ते मोजे घालून कुळागरात किंवा काजूच्या कारखान्यात काम करायचं म्हणजे सोपं नाही, तरी माझी बहीण घालते, आणि संध्याकाळचं दुखणं कमी झालंय म्हणते.

माझी आपल्याला विनंती आहे की बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून यावर फोटोंसह पानभर मजकूर लिहून घ्या, म्हणजे तो कापून अंगणवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवर लावता येईल. आणि केंद्रातल्या डॉक्टरांना एवढंच सांगणं आहे की पाय जाड झाले म्हणून कोणी आली तर वजनकाट्यावर चढवायच्या आधी तिची पावलं बघा, दुखतं का ते विचारा.

आपली,
एक वाचक, फोंडा