चुन्याची रेघ

उपयंत्री साहेब, सादर नमस्कार.

बोलता येत नसली तरी मराठी वाचता येते, लिपी तर एकच, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून मराठीतच लिहिते, आणि चारचौघांत. कचेरीत दिलेल्या कागदांचं काय होतं ते आम्ही तीन वर्षं पाहिलंय.

लोकमान्य नगरातली आमची गल्ली चांगली ३० फुटांची. सिग्नल चुकवणाऱ्या अख्ख्या इंदूरला ती ठाऊक. देऊळ नेमकं पलीकडे. एका मोटरसायकलचा आरसा सासूबाईंच्या पिशवीत अडकला आणि त्या गुडघ्यांवर आपटल्या, तिथून रस्त्याला आवर घाला म्हणून कचेरीत आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. "करवा देंगे" ऐकून कान किटले. एकदा काळा-पिवळा ब्रेकर बसला. पावसाळ्यानंतर त्याचे फक्त खिळे उरले, तेही टायरांच्या जिवावर. एक मोठे साहेब तर हसलेच. राजवाड्याकडे घरं कापून रस्ते रुंद करतोय आम्ही, आणि तुम्हाला अरुंद हवाय?

मग रस्त्याचे इंजिनिअर म्हणून तुम्ही आलात ते थेट सासूबाईंपाशी. "माताजी, आप अपनी चाल से चलिए." हात धरला नाहीत, घाई केली नाहीत. ८१ वर्षांच्या पावलांशी पाऊल जुळवत, घड्याळाकडे बघत चाललात. १३ सेकंद. तेवढ्यात ५०च्या वेगातली गाडी १८० मीटर येते, म्हणालात. म्हणजे पहिलं पाऊल टाकताना जी दिसलीही नव्हती, ती अंगावर. रस्ता २० फुटांचा केला तर त्या नऊ सेकंदांत पार होतील, आणि समोर चिंचोळं दिसलं की गाडीवाल्याची मूठ आपोआप सैल पडते.

मग त्यांना पुन्हा चालायला लावलंत. उभ्या गाड्यांच्या आडून काही दिसत नाही, म्हणून त्या पाचेक फूट पुढे येऊन थांबतात आणि मान काढून बघतात. आम्ही घरात राहून हे कधी पाहिलं नव्हतं! त्या थांबल्या तिथे तुम्ही उकिडवे बसलात, पातळाला लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरलात, आणि त्यांच्या चपलांपुढे चुन्याची रेघ ओढलीत. "फुटपाथ यहाँ तक आएगा."

पुढच्या सह्या-शिक्क्यांचं पुराण नको. आज देवळासमोर दोन्हीकडचा फुटपाथ त्या रेघेपर्यंत आलाय, वर कुंड्या आहेत. पार्किंग गेलं म्हणून समोरचे आमच्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही.

माणसानं दुसऱ्याच्या चालीनं चालून बघावं, हे काही कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी रात्री सासूबाई बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत बसल्या होत्या. मला कारण विचारावंसं वाटलं नाही.

आता त्या सकाळी एकट्या देवळात जातात. तुमच्यासाठी अनारशांचा डबा भरून ठेवलाय. कचेरीत पाठवणार नाही, तो घ्यायला घरीच या.

तुमची,
कुंड्यांना पाणी घालणारी