परवाना आला, तेव्हा रांगोळी काढून झाली होती

महोदय,

आमच्या पेठेतल्या बोळात आम्ही दहा-बारा जण मिळून दिवाळी पहाट करतो. शंभर-सव्वाशे माणसं, सतरंज्या, एक पेटी, एक तबला, दोन स्पीकर आणि शेवटी चहा-चिवडा. यंदा परवानगीचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त माणसाला दुसरं कोण काय काम देणार!

तीन आठवडे आधी अर्ज दिला. मंडपाचा नकाशा एकीकडे, स्पीकरचा अर्ज दुसरीकडे, वाहतुकीचं ना हरकत तिसरीकडे, अग्निशमनचं चौथीकडे. प्रत्येक टेबलावर आधी दुसऱ्या टेबलाचा कागद मागतात. माणसं वाईट नव्हती. एकाने तर मला स्वतःची खुर्ची दिली. पण परवाना हातात पडला तो आदल्या संध्याकाळी सात वाजता. अंगणात रांगोळी काढून झाली होती. दोन पानं भरून अटी होत्या. मोबाइलच्या उजेडात वाचल्या, तर त्यातली एक अशी : 'वाहनतळाचा आराखडा कार्यक्रमाच्या सात दिवस आधी सादर करावा.' मी खाली सही केली. दुसरं करणार काय?

नियमांबद्दल माझी कुरकुर नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. म्हणजे पहाटेच्या कार्यक्रमाला पहाटे माइक नाही. आम्ही साडेपाचला नुसत्या पेटी-तबल्यावर सुरुवात केली आणि सहा वाजता बटण दाबलं. खरं सांगतो, पहिला अर्धा तासच जास्त रंगला.

मग काही दिवसांनी भर रस्त्यावर एक मोठा कार्यक्रम झाला. कुणाचा ते लिहीत नाही. व्यासपीठ दोन दिवस आधीच उभं होतं. खांबांसाठी नवं डांबर फोडून खड्डे घेतले होते, आणि ते महिनाभर तसेच होते. परवानगीचं विचारलं तर उत्तर मिळालं, 'प्रक्रियेत आहे.' आपल्या साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जायचं तर मोठे रस्ते मोजून दोन-तीन : राजपथ, कर्मवीर पथ, राधिका रस्ता. बाकी सगळे चढ-उताराचे बोळ. एक रस्ता दोरी लावून बंद केला की उरलेल्यांवर ताण येतो. त्या दिवशी शेजारच्या दूधवाल्याला रस्ता बंद असल्याचं कळलं ते दोरीला सायकल टेकल्यावर.

आम्हाला उशिरा मिळालेला कागद आणि त्यांना अजून न मिळालेला कागद, दोन्हींचा उपयोग सारखाच. अटी पाळायला वेळ लागतो. येण्याजाण्याच्या वाटा आखाव्या लागतात, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवावी लागते, पाणी आणि सावली पाहावी लागते. आदल्या रात्री यातलं काही होत नाही. गर्दी काय करते हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि पेटलेली दुकानं यांत शेकडो माणसं गेली, चौकशीला न्या. राजन कोचर आयोग बसला. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात उघड्या मैदानावर बसलेली चौदा माणसं उष्माघाताने गेली. तिथे तर सरकारच यजमान होतं.

माझं म्हणणं एवढंच की मंडप घालण्यापूर्वी किमान आठ दिवस परवान्याचा निकाल लागावा, हो किंवा नाही. आमच्यासारख्या बोळातल्या कार्यक्रमाला एक खिडकी, एक साधा अर्ज पुरे. रस्ता अडवणाऱ्यांकडून मात्र अनामत रक्कम घ्यावी आणि खड्डे बुजल्याशिवाय ती परत देऊ नये. सगळे परवाने फलकावर लावावेत : कुठला रस्ता, किती ते किती, पर्यायी वाट कोणती, जबाबदार माणूस कोण. कार्यक्रमवाल्यांच्या कमानी लागतात तेवढ्या मोठ्या अक्षरांत नको, वाचता येईल एवढं चालेल.

आणि एक मागणं आपल्याकडे. दर शनिवारच्या अंकात 'या आठवड्यात बंद रस्ते' अशा चार ओळी छापाल का? पंचांगाशेजारी जागा असतेच.

– एक वाचक, यादोगोपाळ पेठ, सातारा