मावशी, दयेच्या अर्जासाठी तुमचे मनापासून आभार

प्रिय मावशी,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाहीये, पण कोर्टातनं रिटायर झालेल्या, आयुष्यभर जबान्या टाइप केलेल्या मावशी म्हटल्यावर रत्नागिरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. परवा राष्ट्रपतींकडे पाठवलेल्या अर्जाची पोच आली. निर्णय काय होईल माहीत नाही, पण अर्ज मुदतीत आणि नीट गेला तो फक्त तुमच्यामुळे, आणि हे सगळ्यांसमोर सांगायचंच होतं.

ज्याच्यासाठी हा अर्ज, त्या फाशीची शिक्षा झालेल्या मुलाची आई मिरकरवाड्याला कोळंबी सोलायला जाते. राज्यपालांनी अर्ज फेटाळला हे तिला कळलं, पण त्यानंतर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे अर्ज करता येतो हे कुणीच सांगितलं नव्हतं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा जो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला त्याच्यात, कलम ४७२ मध्ये ही मुदत आहे, ते तुम्ही पान उघडून दाखवलंत आणि लगेच कॅलेंडर मागितलंत. मला तेव्हा इतकं हायसं वाटलं मावशी, की कुणीतरी आहे जिला पुढचं पाऊल माहितीये.

आणि मग तो अर्ज लिहिणं. ‘रडायचं ते घरी रडा, अर्जात तारखा लिहा’ हे तुमचं वाक्य आता आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे. दयेचा अर्ज म्हणजे आणखी एक अपील नाही, कोर्टात झालेली केस तिथे परत लढायची नसते, तिथे माणूस मांडायचा असतो, तेव्हा त्याचं वय काय होतं, घरात काय परिस्थिती होती, आजारपण आहे का, जेलमध्ये इतक्या वर्षांत कसा वागला, किती काळ टांगणीला लागलाय, हे सगळं तुम्ही त्याच्या आईकडून एकेक करून काढून घेतलंत, तिला चहा देत देत, मध्ये ती थांबली की तुम्हीपण थांबत होतात. जजमेंटच्या नकला काढल्यात, जेलच्या कागदांसाठी अर्ज केलात, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणायला स्वतः एसटीने राजापूरला गेलात, त्या गुडघ्यांनी!

रजिस्टरसाठी एवढा आटापिटा कशाला असं एक जण म्हणाला तेव्हा तुम्ही पुण्याची १९९४ ची केस सांगितलीत. त्यात फाशीची शिक्षा सुनावलेला एक जण गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षांचा होता हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरवरून मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, तोवर २८ वर्षं जेलमध्ये गेली होती. आणि नाशिककडचं ते प्रकरण, भटक्या जमातीतली सहा माणसं, २००९ ला सुप्रीम कोर्टानेच सहाही जणांना फाशी ठरवली आणि त्याच कोर्टाने ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष म्हणून सोडले, प्रत्येकाला ५ लाख द्यायला सांगितले. त्या दहा वर्षांत फाशी होऊन गेली असती तर ते पाच लाख कुणाच्या हातात दिले असते? मला यापुढे काही वादच सुचत नाही.

गणपतीत चाकरमानी आले तेव्हा आपण वाडीवाडीत सह्या घेत फिरलो. लोक चिडले, ‘तुमच्या पोरीवर वेळ आली असती तर’ असं तोंडावर बोलले. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. मयताच्या घरच्यांच्या जबान्या मी टाइप केल्यात, ते दुःख मला माहितीये, त्याला जन्मठेप नको असं मी म्हणतच नाहीये, असं शांतपणे सांगायचात, आणि अर्जातसुद्धा पहिला परिच्छेद त्या घराच्या दुःखाबद्दलच ठेवलात. मंडणगडातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव त्या बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की फाशीची शिक्षाच रद्द करण्याला माझा पाठिंबा असेल, हे तुमच्याकडून ऐकून एका आजोबांनी सही केली आणि शेजारच्या घरातल्यांनापण बोलावून आणलं. नाही म्हणणारेही खूप होते, पण तुम्ही त्यांच्या घरचा मोदक आनंदाने खाऊन निघायचात.

त्याच्या आईला अजून रात्री झोप लागत नाही. पण २०१४ च्या जानेवारीतल्या निकालात सुप्रीम कोर्टाने १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, बहुतेकांची दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे, आणि अर्ज फेटाळला तरी फाशीआधी १४ दिवस मिळालेच पाहिजेत, घरच्यांना कळवलंच पाहिजे असं सांगितलं, हे तुम्ही तिला समजावल्यापासून ती निदान दचकून उठून दार उघडत नाही. तेवढ्यासाठी तरी तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही मावशी. खूप खूप थँक्यू.

आणि हो, दुसऱ्या एका कुटुंबाने कागद पाठवलेत, जजमेंट मराठीत नाहीये, त्या पोराच्या बहिणीला वाचून दाखवायचंय. रविवारी तिला घेऊन येते, चालेल ना? गुडघ्याचं तेलपण आणते.

तुमचीच,
खालच्या आळीतली