संगीत थांबले, स्केटिंग नाही

महोदय,

हिवाळी खेळांच्या बातम्या आपल्याकडे कोपऱ्यात छापल्या जातात, त्यामुळे इरिना रॉडनिना हे नाव अनेकांच्या कानावरही पडलेले नसते. याची मला खंत वाटते. सोव्हिएत संघाच्या या फिगर स्केटरने जोडी प्रकारात १९६९ ते १९७८ अशी सलग दहा जागतिक विजेतेपदे मिळवली. पहिली चार अलेक्सी उलानोव्हसोबत, पुढची सहा अलेक्झांडर झाइत्सेव्हसोबत. जोडीच्या खेळात जोडीदार बदलणे म्हणजे उचल, फेक, पावलांचा मेळ, सगळे पुन्हा बसवणे. तरीही नव्या जोडीची पहिलीच जागतिक स्पर्धा, १९७३, ब्रातिस्लाव्हा: संगीत मध्येच बंद पडले. दोघे थांबले नाहीत. त्या शांततेत त्यांनी सादरीकरण पूर्ण केले आणि सुवर्ण जिंकले. हा प्रसंग मला त्यांच्या पदकांहूनही मोठा वाटतो.

१९७९ मध्ये मुलाचा जन्म झाला, म्हणून त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्या खेळल्या नाहीत. पुढच्याच वर्षी लेक प्लॅसिडला तिसरे ऑलिम्पिक सुवर्ण घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाळंतपणानंतर मैदानात परतणाऱ्या खेळाडूंबद्दल लिहिताना आपण रॉडनिना यांची आठवण जरूर ठेवावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक