गिलाव्याआधी नळांची चाचणी घ्या

महोदय,

शनिवार पेठेतलं आमचं घर १९६१च्या पानशेत पुरानंतर सासऱ्यांनी पुन्हा उभं केलं. नळ तेव्हाचेच, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. यंदा डागडुजी काढली आणि मोरीमागचा पाइप कापला, तर आत जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. बाकी सगळा तांबूस गंजाचा थर. सकाळची पहिली बादली लालसर का यायची, वरच्या मजल्यावर धार का लागत नव्हती, ते त्या वीतभर तुकड्यानं दाखवलं.

ठेकेदार म्हणाला, "काकू, गळतोय तेवढाच बदलू." मी ऐकलं नाही. गंजलेल्या आट्यांवर पाना फिरवला की शेजारचा सांधा सुटतो, हे दोनदा भोगलंय. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप घेतला. साधा पीव्हीसी तिथे मऊ पडतो. टाइल बसवण्याआधी हातपंपाने नळांत पाण्याचा दाब भरून रात्रभर दाबमापकाचा काटा तसाच ठेवला. सकाळी तो उतरलेला! गीझरमागचा एक एल्बो (कोपऱ्यावरचा जोड) पाझरत होता. टाइल लागल्या असत्या तर ओल थेट शेजाऱ्यांच्या भिंतीत गेली असती.

पेठांत अशी जुनी घरं अजून पुष्कळ आहेत. ही चाचणी झाल्याशिवाय कुणी गिलावा करू देऊ नये, आणि भिंतीतल्या नळांचे फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक गृहिणी, शनिवार पेठ, पुणे