मुखपृष्ठावर ‘जसा’ लिहायला जागा नसते

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला मराठी शिकवतो. पेन्शन, बदली, अनुदान यांतलं काही मागायला हे पत्र लिहीत नाही. ते अर्ज वेगळे आहेत आणि रीतसर धूळ खात पडले आहेत. आजचं मागणं लहान आहे. दहावीच्या मराठीला 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. त्या 20 पैकी थोडे गुण पुस्तकासाठी मुलाने स्वतः केलेल्या मुखपृष्ठाला देण्याची मोकळीक शिक्षकाला असावी, एवढंच.

मागच्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांना आमच्या वर्गात भिंतीला टाचलेली मुखपृष्ठं दिसली. त्यांनी विचारलं, “हा चित्रकलेचा तास आहे का?” मी मराठीचा आहे म्हणालो. मग त्यांनी स्वाध्यायाच्या वह्या मागितल्या. वह्या सुरेख होत्या. कवितेचं रसग्रहण सगळ्यांचं एकसारखं, गाइडमधून उतरवलेलं, एकाच ठिकाणी एकच ऱ्हस्वदीर्घाची चूक. साहेबांनी समाधानाने सही केली. त्यांचं तरी काय चुकलं? तपासायला जे सांगितलंय ते त्यांनी तपासलं.

आता मुखपृष्ठांचं सांगतो.

बहिणाबाई चौधरी आमच्याच जिल्ह्यातल्या, असोद्याच्या. विद्यापीठाला आता त्यांचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गेल्यानंतर, 1952 साली, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर’ हे आमच्या पोरांना पाठ असतं. अलंकार विचारा, झोपेतही सांगतील: ‘जसा’ आला म्हणजे उपमा. बरोबर आहे, गुण मिळतात. पण तवा कशाचा, चटका कुणाला, असं विचारलं की वर्ग गप्प.

मी म्हटलं, या कवितेचं पुस्तक काढायचंय, मुखपृष्ठ करा. दोन अटी. बाईचं तोंड काढायचं नाही, आणि शीर्षकाशिवाय एकही शब्द लिहायचा नाही. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. आमच्याकडे लग्नसराई संपली की घरोघरी त्यांचा गठ्ठा असतो. रंग ज्याला जो मिळेल तो.

पहिल्या दिवशी जे आलं ते रडवेलं होतं. निम्म्याहून जास्त वर्गाने चूल, तवा आणि धूर काढला. दोघातिघांनी मोबाइलवरचं तुटलेलं हृदय उतरवलं. एकाने पणती काढली. का, विचारलं तर म्हणे पणती कुठेही चालते. (यात तथ्य आहे. आपल्या शासकीय पुस्तिकाही चाळून बघा.)

मग एका मुलीने दोन पत्रिका एकमेकींना चिकटवून आणल्या. पुढच्या बाजूला फक्त एक तळहात. हळदीने रंगवलेला, आणि बोटांच्या पेरांवर चुलीतली काजळी. चूल नाही, तवा नाही. मी म्हटलं, भाकर कुठेय? ती म्हणाली, “सर, पलटा ना.” मागे, मलपृष्ठावर, एक भाकर. अर्धी मोडलेली.

आधी चटके, तव्हा भाकर. ‘आधी’ आणि ‘तव्हा’ हे दोन शब्द तिने पान उलटण्यात बसवले होते. इतकी वर्षं ही कविता शिकवतोय, पण त्या दोन शब्दांकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. उपमा आणि प्रतीक यांतला फरक मी फळ्यावर दरवर्षी लिहितो आणि पोरं दरवर्षी विसरतात. तो त्या दिवशी आपोआप कळला. मुखपृष्ठावर ‘जसा’ लिहायला जागाच नसते. संसार हा शब्द गेला, ‘जसा’ गेला, उरला तो हात. आता त्या हाताने एकट्याने सगळं सांगायचं.

बहिणाबाईंच्याच ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’वर एका मुलाने कुंपण काढलं. काटेरी झाप, त्यात एक भगदाड, पलीकडे आडवी झालेली ज्वारी. ढोर काढलंच नाही. विचारलं तर म्हणाला, “ढोर पयी गयं (पळून गेलं) ना सर. मन काय जागेवर सापडतं का?” हा मुलगा शाळा सुटली की रोज संध्याकाळी वावरातून ढोरं हाकलतो. गाइड लिहिणाऱ्याने ती कधी हाकलली असतील असं वाटत नाही.

हे सगळं ‘वाटेल ते काढा’ या थाटाचं आहे असा समज होऊ नये म्हणून एक फसलेलं उदाहरणही देतो. बालकवी धरणगावचे. त्यांची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता. ती नुसतं निसर्गचित्र आहे की त्यामागे विरक्ती, मृत्यू असं काही आहे, यावर मराठी समीक्षेत कितीतरी शाई आटली आहे. वर्गातही आटली. एकीने कुरणातली पांढरी पायवाट कापसाच्या पेळूने चिकटवली आणि काळ्या डोहाच्या काठाशी तो कापूस भिजवून सोडून दिला. छान होतं. दुसरीने तीच वाट रेल्वेच्या रुळांची केली. कारण बालकवी 1918 साली, वयाच्या 28व्या वर्षी, भादलीजवळ रेल्वेखाली गेले, आणि तिची मावशी भादलीची. चित्र अंगावर येणारं होतं. पण आमच्या वर्गात तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: ही वस्तू कवितेच्या कुठल्या ओळीत आहे? ती कशाच्या जागी उभी आहे? आणि तिच्याऐवजी दुसरी का नाही? पहिल्याच प्रश्नाला ती अडली. कवितेत रूळ नाहीत. कवी पुढे कसा गेला ते कवितेला ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं, मलाही वाईट वाटलं, पण रूळ खोडायला लावले. चित्र कसं आलंय याला गुण नाहीतच. गुण त्या तीन उत्तरांना, अर्ध्या पानात लिहिलेल्या. रेघ सरळ न येणारं पोरही यात पुढे जातं.

आमच्या पोरांना मुखपृष्ठ म्हणजे काय हेच मुळात दाखवावं लागतं, ही वेगळीच गंमत. जूनमध्ये पाठ्यपुस्तक हातात आलं की त्याला खाकी कव्हर चढतं. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं टिकावीत म्हणून पुठ्ठ्यात बांधतात आणि बांधताना मूळ मुखपृष्ठ काढून टाकतात. कपाटात सगळी पुस्तकं एका गणवेशात उभी. दीनानाथ दलाल, द. ग. गोडसे, सुभाष अवचट ही मुखपृष्ठं करणाऱ्या चित्रकारांची नावं मराठीच्या तासाला येणार कुठून? आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांच्या कादंबरीचं नाव ‘कोसला’, म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. आख्खं प्रतीक शीर्षकातच बसलंय, पण कपाटातल्या प्रतीवर नुसता दाखल क्रमांक. ग्रंथालयाच्या अनुदानाचं पत्र निघेल तेव्हा त्यात ‘मूळ मुखपृष्ठ आत चिकटवून बांधणी करावी’ अशी एक ओळ घातली तर खर्च काही वाढणार नाही.

आणि एक हात जोडून विनंती. हे आवडलं, तर कृपा करून याचा उपक्रम करू नका. ‘माझे मुखपृष्ठ, माझा अभिमान’ असं नाव, जिल्हास्तर, विभागस्तर, राज्यस्तर, फोटो लिंकवर अपलोड करा, अहवाल सायंकाळी पाचपर्यंत पाठवा, असं एकदा झालं की आठ दिवसांत बाजारात तयार मुखपृष्ठांचं पुस्तक येईल आणि साऱ्या महाराष्ट्रात पणत्या पेटतील. मूल्यमापनाच्या सूचनांमध्ये ‘शिक्षकाच्या निवडीचे भाषिक काम’ एवढे चार शब्द आले तरी माझं भागतं. पुढच्या वेळी साहेब आले की बोट ठेवायला एक ओळ मिळेल.

हाताचं ते मुखपृष्ठ या पत्रासोबत जोडावं म्हणून मी त्या मुलीकडे मागितलं. ती म्हणाली, “सर, झेरॉक्स काढून घ्या.” काढून पाहिली. झेरॉक्समध्ये हळद आणि काजळी दोन्ही काळीच येतात. म्हणून जोडलेलं नाही.

आपला,
मराठीचा एक शिक्षक
जि. जळगाव